घरातलं कपड्यांचं कपाट: टांगलेलं, जमिनीवर उभं की बॉक्स जोडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाट करायचं ठरलं की बोलणं सुरू होतं ते शटरच्या रंगापासून. पण दहा वर्षांनी फळ्या सरळ राहतील का, दारं घासतील का, हे रंगावर नाही, आतल्या बांधणीवर अवलंबून असतं. कपड्यांचं वजन शेवटी कोण पेलणार, भिंत की जमीन, हे आधी ठरवा. कपाटाची खोली (समोरून मागपर्यंतचं माप), दारं, साहित्य, खर्च हे सगळं त्याच्या मागून येतं. इथली मापं मिलिमीटरमध्ये आहेत, कारण इंच आणि सुतांच्या गोळाबेरजेत हमखास फट राहते.

बांधणीचे प्रकार किती आणि त्यांच्यात नेमका फरक काय?

मुख्य प्रकार तीन. पहिला टांगलेला. यात भिंतीवर आडवी पोलादी पट्टी स्क्रूने घट्ट बसवतात आणि उभ्या फळ्यांच्या वरच्या कोपऱ्यातले हूक त्या पट्टीत अडकवतात. फळ्या जमिनीपर्यंत येत नाहीत, पाठ बहुधा नसते आणि मागे भिंतच दिसते. दुसरा जमिनीवर उभा. फळ्या थेट जमिनीवर किंवा पायथ्यावर टेकतात, वजन खाली जातं आणि कपाट पुढे झुकू नये एवढ्यापुरतंच भिंतीला बांधतात. शेजारच्या दोन कप्प्यांत एकच सामाईक उभी फळी असते. तिसरा बॉक्सचा. दोन बाजू, तळ, माथा आणि पाठ अशी प्रत्येक पेटी स्वतंत्र तयार होते. अशा पेट्या शेजारी ठेवून एकमेकींना स्क्रूने जोडतात.

एकाच खोलीत दोन प्रकार एकत्र करायला काहीच हरकत नाही. ड्रॉवरचा भाग जमिनीवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टांगलेले दांड्यांचे कप्पे, ही जोडी चांगली जमते.

मग निवड करायची कशी?

दारं हवीत का, इथून सुरुवात करा. दारं हवी असतील तर आतली खोली ५५० ते ६०० लागते. एवढं खोल आणि दारांसकट जड झालेलं कपाट भिंतीवर टांगण्यात अर्थ नाही, म्हणजे जमिनीवरचं किंवा बॉक्सचं. कपड्यांसाठी वेगळी छोटी खोली असेल आणि दारं नकोच असतील, तर टांगलेलं कपाट पुरतं. त्याला साहित्य कमी लागतं, खालून झाडू फिरतो आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) कापावं लागत नाही.

त्यानंतर भिंत पाहा. भिंत पोकळ किंवा ओलसर असेल तर टांगण्याचा विचार सोडून द्या. शेवटी जमीन पाहा. फरशीला मोठा उतार असेल तर जमिनीवरच्या कपाटाला खाली-वर करता येणारे पाय किंवा वेगळा पायथा लागतो. टांगलेल्या कपाटाला उताराने काही फरक पडत नाही.

टांगलेलं कपाट भिंतीतून उपटून येत नाही का?

नीट बसवलं तर नाही, आणि त्यामागचं गणित सोपं आहे. कपाट वरच्या कडेला भिंतीपासून दूर ओढतं आणि खालच्या कडेला भिंतीवर टेकतं. वरच्या स्क्रूंवरची ओढ काढायची तर वजनाला, ते भिंतीपासून जितक्या अंतरावर लटकतं त्या अंतराने गुणायचं आणि उभ्या फळीच्या उंचीने भागायचं. समजा १०० किलो कपडे दांड्यावर आहेत, दांडा भिंतीपासून ३०० वर आहे आणि फळी १२०० उंच आहे. ओढ झाली १०० × ३०० ÷ १२००, म्हणजे २५ किलो. तीच फळी ४०० उंचीची केली तर ओढ ७५ किलोवर जाते. म्हणून फळी जितकी उंच तितकं टांगलेलं कपाट सुरक्षित. छोटं, बसकं आणि खोल कपाट टांगणं हाच खरा धोका.

ही झाली बाहेरची ओढ. १०० किलोचा खाली येणारा भार तर स्क्रूंवर असतोच. म्हणून पट्टीला दर ३०० ते ४०० वर एक स्क्रू आणि प्रत्येक उभ्या फळीजवळ एक जास्तीचा, हे प्रमाण कमी करू नका.

कोणत्या भिंतीवर काय वापरायचं?

भाजलेल्या विटांची भरीव भिंत आणि काँक्रीट या दोन्हींत नायलॉनचा रावल प्लग (भोकात बसवून ज्यात स्क्रू पिळतात ती नळी) चांगला धरतो. चूक होते ती लांबीत. प्लास्टर १२ ते २० जाड असतं आणि ते काहीही पेलत नाही. ५० लांबीचा स्क्रू घेतला, त्यातले ३ पट्टीत आणि १५ प्लास्टरमध्ये गेले, तर विटेत उरले जेमतेम ३२. म्हणून प्लग विटेत पूर्ण बसेल एवढी लांबी धरा. ८ च्या प्लगसाठी ७० ते ८० लांबीचा स्क्रू ठीक. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा. भुकटी राहिली की प्लग आतच फिरत राहतो. दोन विटांमधल्या सांध्यात भोक पडलं, तर ते सोडून २० ते ३० बाजूला नवं पाडा.

वजनाने हलके, राखाडी-पांढरे एएसी ब्लॉक असतील तर साधा प्लग चालत नाही. तो फुगताना ब्लॉकचीच भुकटी करतो. हॅमर बंद ठेवून ड्रिल करा आणि त्या ब्लॉकसाठी बनवलेला लांब प्लग किंवा रासायनिक अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा. आतून पोकळ असलेल्या काँक्रीट ब्लॉकलाही वेगळा प्लग लागतो.

जिप्सम बोर्डाची भिंत म्हणजे १२.५ जाडीचा बोर्ड आणि त्यामागे ४०० किंवा ६०० अंतरावर पातळ पत्र्याचे खांब. बोर्ड काहीच धरत नाही आणि पातळ पत्र्यावरही मोठा भार टाकू नये. भिंत अजून बंद झाली नसेल तर खांबांच्या मध्ये पट्टीच्या उंचीवर १८ चं प्लाय आडवं बसवून घ्या. बंद झाली असेल तर कपाट जमिनीवर उभं करा.

ड्रिल करण्याआधी भिंतीतल्या वायर आणि पाण्याचे पाइप कुठून जातात ते पाहून घ्या. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली वायर असणारच असं धरून चला.

खोली ३५० पुरते की ६००च लागतात?

हँगर ४२० ते ४५० रुंद असतो आणि त्यावरच्या कपड्याची बाही दोन्ही बाजूंना थोडी बाहेर येते. दार लावायचं तर आत ५५० मोकळे पाहिजेतच, ६०० असतील तर बरं. दांडा मागच्या पाठीपासून साधारण ३०० वर, म्हणजे मधोमध. ५०० खोलीच्या कपाटात दार लावलं की ते बाह्यांवर आपटतं आणि फट ठेवून बंद होतं. हे काम पूर्ण झाल्यावरच लक्षात येतं आणि मग उपाय उरत नाही.

उघड्या कपाटात ३५० ची फळी चालते. कपडे पुढे १५० ते २०० येतात, पण अडवायला दार नाही. घडीच्या कपड्यांना ३५० ते ४०० पुरते. ६०० खोल फळीवर मागे दुसरी रांग लागते आणि मागच्या रांगेतले कपडे वर्षानुवर्षं बाहेर येत नाहीत.

दोन्ही बाजूंना लटकते कपडे असतील तर मधला रस्ता ९०० चा ठेवा. ६०० अधिक ९०० अधिक ६००, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत २१०० लागतात. तेवढी जागा नसेल तर एका बाजूला फक्त ३५० च्या फळ्या करा.

दांडे किती उंचीवर घ्यायचे?

एकावर एक दोन दांडे घेतले तर खालचा १००० ते १०५० वर आणि वरचा २०५० ते २१०० वर. शर्ट आणि अर्धी घडी केलेल्या पँट दोन्हींत बसतात. लांब कपड्यांना एकच दांडा १६०० ते १७०० वर. दांडा आणि त्यावरची फळी यांत किमान ५० अंतर ठेवा, नाहीतर हँगर उचलून काढता येत नाही. ही पुस्तकी मापं घेण्याआधी तुमच्याकडचा सगळ्यात लांब कपडा हँगरला लावून मोजा आणि त्यात १०० मिळवा. वरचा दांडा रोज वापरणाऱ्या माणसाने हात वर करून पाहावा. हात पोचत नसेल तर तो खाली आणा, सुंदर आराखड्यासाठी रोज स्टूल ओढू नका.

दांडा ९०० ते १००० पेक्षा लांब असेल तर मध्ये आधार हवाच. एक मीटर दांड्यावर ३५ ते ४० हँगर बसतात. हँगरसकट प्रत्येकी अर्धा किलो धरला तरी २० किलो होतात, आणि जाड कोट असतील तर त्याहून जास्त.

फळ्या मध्ये का वाकतात?

लांबी वाढवल्याची किंमत लक्षात येत नाही म्हणून. फळीवरचं एकूण वजन तेवढंच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. पण लांब फळीवर आपण कपडेही जास्त ठेवतो. दर फुटामागे तेवढंच वजन धरलं तर वाक सोळापट. जाडीचा परिणामही तसाच, पण उलट दिशेने. १८ ऐवजी २५ ची फळी घेतली तर वाक साधारण पावणेतीनपट कमी होतो.

म्हणून १८ च्या प्लायची फळी ८०० ते ९०० च्या पुढे नेऊ नका आणि पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या बोर्डाची) ६०० ते ७५० वरच थांबवा. लांब फळी लागणारच असेल तर पुढच्या कडेला खाली ४० ते ५० उंचीची लाकडी पट्टी चिकटवून स्क्रू मारा. सगळी फळी जाड करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि जास्त परिणामकारक आहे.

आणखी एक दोष फळीच्या माथी मारला जातो, पण तो उभ्या फळीचा असतो. २१०० उंचीच्या उभ्या फळ्यांमध्ये सगळ्याच आडव्या फळ्या पिनांवर ठेवलेल्या असल्या, तर उभ्या फळ्या मध्यावर बाहेर फुगतात. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर फुगल्या की पिनांवरची फळी सटकते आणि सगळं खाली येतं. वर, खाली आणि मध्यावर एकेक फळी कायमची जोडलेली असली पाहिजे.

प्लाय, पार्टिकल बोर्ड की एमडीएफ?

पेटीसाठी प्लाय सगळ्यात भरवशाचं. ते स्क्रू चांगला धरतं आणि थोडं पाणी लागलं तरी लगेच फुगत नाही. पार्टिकल बोर्ड सपाट आणि स्वस्त असतो, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावूनच येतो. पण त्यात एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा तसा बसत नाही, आणि कापलेली कड उघडी राहिली की पाणी पिऊन फुगते. तो घेतलात तर चारही कडांना एज बँड (कड झाकणारी पातळ पट्टी) लावून घ्या, न दिसणाऱ्या कडांनाही. एमडीएफला (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाला) रंग सुरेख चढतो, मात्र तो जड असतो. १८ जाडीची २४४० × १२२० ची एक शीट ४० किलोच्या आसपास भरते, त्यामुळे टांगलेल्या कपाटासाठी तो नकोच.

उंच शटरचा प्रश्न वेगळा. २१०० च्या वरचं प्लायचं शटर बाक धरतं. ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) लांबीत जास्त ताठ राहतो. बाहेरून लॅमिनेट लावलं तर आतूनही तेवढ्याच जाडीचं लावा. एकाच बाजूला लावलं की हवेतला ओलावा दोन बाजूंना कमीजास्त शोषला जातो आणि शटर धनुष्यासारखं वळतं. मग बिजागरी कितीही फिरवली तरी ते सरळ बसत नाही.

बॉक्स पद्धतीत दुहेरी फळ्यांमुळे जागा वाया जाते ना?

जाते, पण वाटते त्यापेक्षा कमी. २४०० रुंदीच्या कपाटात चार पेट्या केल्या तर आठ बाजू, म्हणजे १४४ मिलिमीटर जातात. सामाईक फळ्यांच्या पद्धतीत पाच फळ्यांचे ९० जातात. फरक ५४ चा, म्हणजे दोन हँगरइतका. त्याच्या बदल्यात प्रत्येक पेटी सपाट जागेवर गुण्यात, म्हणजे काटकोनात, जोडता येते, पाठ खाचेत बसल्यामुळे ती डुगडुगत नाही आणि घर बदलताना सुटी करून नेता येते. भिंत वेडीवाकडी असेल किंवा जिना अरुंद असेल तर बॉक्सच घ्या.

छतापर्यंत एकसंध कपाट करता येईल का?

इथे फार कपाटं फसतात, कारण आडवी जोडलेली पेटी उभी करताना तिची उंची नाही, कर्ण आडवा येतो. २४०० उंच आणि ६०० खोल पेटीचा कर्ण २४७४ भरतो. छत २४५० वर असेल तर कागदावर ५० ची मोकळी जागा दिसते, प्रत्यक्षात पेटी छताला अडकते आणि वरची कड मोडते किंवा छत खरवडलं जातं.

उपाय म्हणजे पायथा वेगळा करा. १०० उंचीचा पायथा आधी पाणसळ लावून सरळ बसवा आणि पेटी २३०० ची करा. तिचा कर्ण २३७७, ती आरामात उभी राहते. मग दोघांनी मिळून ती पायथ्यावर चढवायची. वर उरलेली ५० ची जागा पट्टीने झाका. छत आणखी उंच असेल तर वरचा लॉफ्ट ही वेगळी पेटी असू द्या.

भिंत गुण्यात किंवा ओळंब्यात नसेल तर?

बहुतेक भिंती नसतातच, तसं धरूनच माप घ्या. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा घ्या. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा. कोपरा तपासायला एका भिंतीवर ९००, दुसरीवर १२०० अशी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर १५०० आलं तर कोपरा काटकोनात आहे. जास्त आलं तर कोपरा उघडलेला, कमी आलं तर दबलेला.

कपाट भिंतीच्या मापाचं कधीच करू नका. दोन्ही बाजूंना २० ते ५० जागा सोडा आणि ती फिलर पट्टीने भरा. पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे खरडून घेता येते, पेटी नाही. बिजागरीचं दार भिंतीला लागून असेल तर ही पट्टी आणखी एका कारणाने लागते: हँडल भिंतीला आपटतं आणि दार पूर्ण उघडत नाही. स्कर्टिंग १० ते १२ पुढे आलेलं असतं, त्याची जागा धरायला विसरू नका.

सरकती दारं की बिजागरीची?

पलंग जवळ असेल आणि दार उघडायला समोर ५०० ची जागा नसेल तर सरकती. नाहीतर बिजागरीची. सरकत्या दारांत एका वेळी अर्धंच कपाट उघडतं आणि दोन रुळांसाठी ८० ते १०० खोली जास्त जाते. म्हणजे आत ६०० हवे असतील तर बाहेरून ७०० धरा. आतले ड्रॉवर दोन दारं एकमेकांवर चढतात त्या मधल्या पट्ट्यात ठेवू नका, ते कधीच पूर्ण बाहेर येणार नाहीत.

बिजागरीचं दार ४५० ते ५०० रुंद असावं, ६०० च्या पुढे नको. ९०० उंचीपर्यंत दोन बिजागऱ्या, १६०० पर्यंत तीन, २१०० ला चार आणि २४०० ला पाच.

ड्रॉवरमध्ये नेहमी काय चुकतं?

चॅनेलची, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीची, जागा. साध्या बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला १२.५ ते १३ लागतात, म्हणून ड्रॉवरची बाहेरची रुंदी आतल्या मोकळ्या मापापेक्षा २५ ते २६ कमी हवी. २४ कमी केली तर तो जाम होतो, ३० कमी केली तर चॅनेल ताणला जाऊन गोळ्या निसटतात. चॅनेल ५० च्या टप्प्यांत मिळतात. ३५० खोलीच्या कपाटात ३०० चाच बसतो.

दुसरी चूक दारामागच्या ड्रॉवरची. साध्या बिजागरीवर दार उघडलं तरी त्याची कड थोडी आत राहते आणि ड्रॉवर तिच्यावर आपटतो. बाजूला २५ ते ३० ची पट्टी द्या किंवा जास्त कोनात उघडणारी बिजागरी वापरा.

ओल आणि वाळवीचं काय?

ओलीचं मूळ आधी बंद करा. कपाट हा ओल झाकायचा उपाय नाही. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट असेल तर पाठ आणि भिंत यांत १५ ते २० ची पोकळी सोडा आणि हवा खेळेल अशी खाली-वर फट ठेवा. पाठ थेट भिंतीला चिकटवली की बुरशी मागून सुरू होते आणि कपड्यांना वास येईपर्यंत कळत नाही. बाथरूमची भिंत मागे असेल तर पायथ्याला लाकूड नकोच. प्लास्टिकचे १०० उंचीचे पाय घ्या आणि पुढे सुटी होणारी पट्टी लावा, म्हणजे पाणी किंवा वाळवीची माती दिसली की लगेच लक्षात येतं.

नंतर आतली रचना बदलता येईल का?

भोकं आधीच पाडून घेतली असतील तर येईल. उभ्या फळ्यांवर ५ व्यासाची, एकमेकांपासून ३२ वर आणि पुढच्या कडेपासून ३७ वर, अशी ओळ पाडायची पद्धत आहे. फळ्यांच्या पिना, बऱ्याच चॅनेलची आणि बिजागऱ्यांच्या पायांची भोकंही याच अंतराला धरून बनवलेली असतात. त्यामुळे मुलांच्या कपाटातला दांडा ८०० वरून १०२४ वर किंवा त्याहीपुढे न्यायला फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो. डाव्या आणि उजव्या फळीवरची भोकं एकाच टोकापासून मोजलेली आहेत ना, हे मात्र पेटी जोडण्याआधी पाहा. एक फळी उलटी लागली तर ओळी वर-खाली होतात आणि त्या पेटीतली प्रत्येक फळी तिरकी बसते.